रानपाल्याचा गुण, ओळख आणि हद्द
(सामुदायिक रेडिओवर झालेलं भाषण)

  हातातलं काम बंद करू नका. भाकरी थापत असाल, तूर निवडत असाल, तर ते चालू द्या, फक्त कान इकडं असू द्या.

आज आम्ही रानातल्या पाल्याबद्दल बोलणार आहोत. शेतात उगवला की त्याला आपण तण म्हणतो आणि खुरप्यानं काढून बांधावर फेकतो. तोच पाला आज्जीच्या हातात गेला की औषध होतो. आमच्या गटानं मागच्या पावसाळ्यात एक ठरवलं. दर बैठकीला प्रत्येकीनं एक पाला आणायचा आणि घरातल्या म्हाताऱ्या बाईला विचारून त्याची माहिती सांगायची. पाल्याचा ढीग झाला आणि पहिला वाद नावावरूनच लागला. आपला तालुका कर्नाटकाच्या सीमेला टेकलेला. कुणाचं माहेर औराद शहाजानीकडचं, कुणाचं बिदर-भालकीकडचं, कुणी तांड्यावरची. एकाच झाडाला तीन नावं निघाली आणि एकाच नावाची दोन झाडंही निघाली.

दुसरी गोष्ट त्याहून महत्त्वाची. कोणता पाला कशावर चालतो हे जवळपास सगळ्या सुनांना ठाऊक होतं. पण तो कुणाला द्यायचा नाही, किती द्यायचा आणि कधी सोडून देऊन दवाखाना गाठायचा, हे फक्त म्हाताऱ्या बायांनी सांगितलं. अडुळसा खोकल्याला चालतो हे सगळ्यांना माहीत. गरोदर बाईला तो द्यायचा नाही, हे सांगणाऱ्या तिघीच निघाल्या आणि तिघीही सत्तरीच्या पुढच्या. मोबाईलवर जे निरोप फिरतात त्यांत तर पहिलाच अर्धा भाग असतो, दुसरा नसतोच. म्हणून आज आम्ही प्रत्येक पाल्याबरोबर तीन गोष्टी सांगणार आहोत: त्याचा गुण, त्याची ओळख आणि त्याची हद्द.

सुरुवात दगडी पाल्यापासून करू. कुणी याला कंबरमोडी म्हणतं, कुणी एकदांडी. पानं खरबरीत, पानांच्या कडा दातेरी, आणि उंच बारीक दांड्यावर एकच फूल, मधे पिवळं आणि कडेला फिक्या पाकळ्या. बांधावर, रस्त्याकडेला, पायरीच्या भेगेतसुद्धा हा उगवतो. खुरपताना बोट कापलं की चार पानं चोळून रस पिळायचा, ही आपली जुनी सवय. हे झाड मूळचं आपल्या देशातलं नाही, अमेरिका खंडातून आलेलं आहे. म्हणजे आपल्या आज्ज्या-पणज्यांनी परक्या तणाचाही गुण पारखून घेतला. जखम भरण्यासाठी त्याचा उपयोग होतो का, हे प्रयोगशाळेत जनावरांवर तपासलं गेलं आहे आणि तिथंही गुण दिसला आहे.

याची हद्द अशी. धनुर्वाताचे जंतू मातीत आणि शेणात असतात. पाला बांधावरचा, हात मातीचे, खुरपं गंजलेलं. म्हणून आधी जखम स्वच्छ पाण्यानं आणि साबणानं धुवायची. पाला वापरायचाच असेल तर तोही धुवायचा, आणि वरवरच्या कापण्यावरच वापरायचा. जखम खोल असेल, खिळा किंवा विळा घुसला असेल, तर पाला बाजूला ठेवून त्याच दिवशी प्राथमिक आरोग्य केंद्रात धनुर्वाताचं इंजेक्शन घ्यायचं.

आता टाकळा. आपल्याकडं याला तरोटाही म्हणतात. पहिल्या पावसानंतर कोवळ्या पानांची भाजी होते. बिया वाटून नायट्यावर, गजकर्णावर लावायची रीत फार जुनी. संस्कृतात याचं एक नावच दद्रुघ्न आहे, म्हणजे नायटा घालवणारा. नायटा पसरत चालला, लेकराच्या डोक्यात झाला किंवा आठ-पंधरा दिवसांत कमी झाला नाही, तर दवाखान्यातलं मलम घ्यायचं आणि ते सांगितलेले सगळे दिवस लावायचं. घरातल्या सगळ्यांनी एकच टॉवेल वापरणं आधी बंद करायचं, नाहीतर कोणतंच औषध पुरं पडत नाही.

पण टाकळ्याची खरी जोखीम ओळखीत आहे. त्याच्यासारखाच दिसणारा कासविंदा असतो, काही ठिकाणी त्यालाच रानटाकळा म्हणतात. टाकळ्याच्या पानाला सहसा पानोळ्यांच्या तीन जोड्या असतात आणि पानोळ्यांची टोकं गोलसर असतात. शेंग बारीक, लांब, विळ्यासारखी वाकलेली. कासविंद्याला चार-पाच जोड्या, पानोळ्या टोकदार, शेंग चपटी आणि आखूड, पान चुरगाळलं की उग्र वास. हा फरक लेकरांच्या जिवाशी जोडलेला आहे. उत्तर प्रदेशाच्या पश्चिम भागात, बिजनोर-सहारनपूरच्या बाजूला, पावसाळा संपून थंडी सुरू होताना लहान लेकरं अचानक आजारी पडायची, बेशुद्ध व्हायची आणि एक-दोन दिवसांत दगावायची. बरीच वर्षं सगळ्यांना वाटलं की ही मेंदूज्वराची साथ आहे. २००७ च्या सुमारास तिथल्या डॉक्टरांनी शोधून काढलं की खेळता खेळता या लेकरांनी कासविंद्याच्या बिया खाल्ल्या होत्या. गरिबाघरची, घराभोवतीच्या रानात खेळणारी लेकरं होती ती. तेव्हा अंगणवाडीच्या आणि घराच्या आजूबाजूला कासविंदा असेल तर शेंगा धरण्याआधी उपटून टाका, आणि लेकरांना दोन्ही झाडं शेजारी ठेवून दाखवा.

अडुळशाचं सुरुवातीला निघालं, ते पुरं करू. परसात, कुंपणाला लावलेला असतो, लांब हिरवी पानं, पांढरी फुलं. पानांचा रस किंवा काढा घेतला की कफ सुटतो. हे नुसतं ऐकीव नाही. अडुळशात जे द्रव्य आहे त्यावरूनच कफ पातळ करणारी ब्रोमहेक्झिन आणि ॲम्ब्रोक्सॉल ही आजची औषधं तयार झाली. दवाखान्यातल्या कितीतरी खोकल्याच्या बाटल्यांचं मूळ आपल्या कुंपणात आहे. पण त्याच द्रव्यामुळं गर्भाशय आकुंचन पावतं, म्हणून गरोदर बाईला अडुळसा द्यायचा नाही. आपल्या सत्तरीतल्या तिघींचं म्हणणं अगदी बरोबर होतं. आणखी एक, खोकला दोन आठवड्यांहून जास्त टिकला, संध्याकाळी बारीक ताप येतो, वजन उतरतंय, तर काढा उकळत बसायचं नाही. बेडका तपासून घ्यायचा. क्षयरोगाची तपासणी आणि गोळ्या सरकारी दवाखान्यात फुकट आहेत.

निर्गुडी ओढ्याकाठी असते. पानं उकळून त्या पाण्यानं दुखरं गुडघं, कंबर शेकायची. दिवसभर वाकून काम करणाऱ्या बाईला यानं आराम पडतो. शेक वरून घ्यायचा, पोटात घ्यायचं नाही. पाय एकाच बाजूनं सुजला असेल, लाल आणि गरम लागत असेल, तर शेक न देता डॉक्टरला दाखवायचं.

आता गुळवेल. कोरोनाच्या काळात, २०२० आणि २०२१ साली, गावोगाव गुळवेलीच्या काढ्याची पातेली चुलीवर चढली. कुणी तीन महिने घेतला, कुणी सहा. २०२१ साली मुंबईतल्या डॉक्टरांनी सहा रुग्णांची माहिती छापली. त्यांनी गुळवेल घेतली होती आणि त्यांच्या यकृताला इजा झाली होती. त्यावर आयुष मंत्रालयानं सांगितलं की गुळवेल सुरक्षित आहे, तिच्यासारख्या दिसणाऱ्या दुसऱ्या वेलीशी गफलत झाली असावी. हा वाद तज्ज्ञांचा आहे. आपण त्यातून दोन गोष्टी घेऊ. वेल ओळखणाऱ्या जाणत्या माणसाशिवाय ती तोडायची नाही. आणि ताप-कणकणीत चार दिवस घ्यायचं औषध रोजच्या चहासारखं महिनोन्‌महिने घ्यायचं नाही. साखरेच्या गोळ्या चालू असतील तर डॉक्टरला सांगितल्याशिवाय घ्यायचीच नाही, साखर प्रमाणाबाहेर उतरू शकते. घेत असताना लघवी गडद पिवळी झाली, डोळे पिवळे दिसले, भूक मेली, तर ताबडतोब बंद.

कावीळ म्हटलं की आपल्याकडं भुईआवळी आठवते, आणि कावीळ उतरवणारे आठवतात. साधी कावीळ बऱ्याचदा आराम आणि हलकं खाणं यांनीच महिना-दीड महिन्यात उतरते, आणि श्रेय पाल्याला मिळतं. ज्या काविळी साध्या नसतात त्यांत हाच महिना वाया जातो. गरोदर बाईला कावीळ झाली तर एक दिवसही घरी ठेवू नका. दूषित पाण्यातून होणारी एक कावीळ गरोदरपणात आई आणि बाळ दोघांच्याही जिवावर बेतते. तिला थेट मोठ्या दवाखान्यात न्या.

आता विंचू. आपल्या काळ्या रानात, दगडाच्या ढिगात, सरपणात विंचू निघतोच. आघाड्याचं मूळ उगाळून लावायची रीत घरोघर आहे. आघाडा आपल्याला जवळचा, हरतालिकेला आणि गणपतीच्या पत्रीत तो लागतो. पण इथं नीट ऐका. काळ्या विंचवाच्या बहुतेक दंशांत खूप आग होते आणि काही तासांनी ती आपोआप कमी होते. त्या वेळी मूळ लावलेलं असेल तर मुळानं उतरलं असं वाटतं. लाल विंचू वेगळा. तो हृदयावर घाव घालतो.

यात औषध शोधणारा माणूस आपल्या मराठवाड्याचा आहे. डॉ. हिंमतराव बावस्कर, जालना जिल्ह्यातल्या देहेड गावचे. १९७६ साली ते रायगड जिल्ह्यात महाडजवळच्या बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात लागले. कोकणात लाल विंचवानं धडधाकट माणसं, लेकरं डोळ्यांसमोर जात होती. त्यांनी रात्र-रात्र रुग्णांशेजारी बसून नोंदी ठेवल्या, नेमकं काय बिघडतं ते समजून घेतलं, आणि रक्तदाबावरची प्राझोसिन नावाची साधी गोळी वापरून पाहिली. गंभीर रुग्णांत जिथं शंभरात तीस-चाळीस दगावत होते, तिथं ते प्रमाण एक-दोनवर आलं. २०२२ साली त्यांना पद्मश्री मिळाली. ही गोळी महाग नाही. पण ती वेळेत पोटात जावी लागते. विंचू चावल्यावर दरदरून घाम सुटला, उलटी झाली, हातपाय गार पडले, धाप लागली, तर मूळ उगाळण्यात पाच मिनिटंही घालवू नका. १०८ ला फोन करा. जवळचं आरोग्य केंद्र नाहीतर निलंग्याचं उपजिल्हा रुग्णालय गाठा. लहान लेकरू असेल तर लक्षणांची वाटच पाहू नका.

सापाला तर कोणताच पाला नाही. सापाचं औषध एकच, दवाखान्यातली विषावरची लस. चावल्या जागी कापायचं नाही, घट्ट आवळायचं नाही, पाला चारायचा नाही. माणसाला धीर द्यायचा, चालू द्यायचं नाही आणि गाडीत घालायचं.

आणखी तीन ठिकाणी पाला लागूच द्यायचा नाही. पहिलं, डोळा. रुईचा चीक डोळ्यात गेला तर बुबुळाला इजा होते. पूजेसाठी रुईची पानं तोडताना हात डोळ्याला लावू नका, चीक गेलाच तर भरपूर पाण्यानं धुऊन दवाखान्यात जा. दुसरं, बाळाची नाळ. तिला राख, पाला, तेल काही नको, कोरडी राहिली की ती आपोआप गळते. तिसरं, सहा महिन्यांच्या आतल्या बाळाचं पोट. त्यात आईच्या दुधाशिवाय काही जायला नको, कोणत्याही पाल्याचा रस नको. मध तर वर्षाच्या आत नकोच. आणि धोतऱ्याचं बी किंवा पान कशावरही घरी वापरू नका, ते विष आहे, औषध आणि मरण यांच्यात तिथं बोटभरही अंतर नाही.

इतक्या हद्दी सांगितल्या म्हणून घाबरू नका. बहुतेक रानपाला औषधापेक्षा भाजी म्हणून जास्त कामाचा आहे. घोळ, चिवळ, तांदुळजा, कुर्डू, केना, पाथरी. पाथरी तर धुऊन कच्चीच भाकरीबरोबर खाल्ली जाते. केंद्र सरकारच्या २०१९ ते २०२१ च्या कुटुंब आरोग्य पाहणीत आपल्या राज्यातल्या निम्म्याहून जास्त बायकांच्या अंगात रक्त कमी निघालं. पालेभाजीत लोह असतं, पण ते अंगी कमी लागतं. भाजीवर लिंबू पिळलं की जास्त लागतं, जेवणावर लगेच चहा घेतला की कमी लागतं. म्हणून भाजी खा, लिंबू पिळा, चहा तासाभरानं घ्या, आणि गरोदरपणात आशाताई लोहाच्या गोळ्या देतात त्याही घ्या. भाजी आहे म्हणून गोळी सोडायची नाही. मुतखड्याचा त्रास असणाऱ्यांनी मात्र घोळ बेतानं खावी.

आता दुखणं वेगळं आहे. ही भाजी आहे कुठं? पूर्वी ज्वारी, मूग, उडीद, तूर अशी मिश्र पिकं असायची आणि तण बाया हातानं काढायच्या. आता पावसाळ्यात नजर जाईल तिथं सोयाबीन. पेरणीनंतर पंधरा-वीस दिवसांनी, तण दोन-चार पानांवर असताना तणनाशक मारतात. चिवळ, घोळ, तांदुळजा कोवळा असतो तो नेमका हाच काळ. आणि यात मोठा धोका आहे. बरीच तणनाशकं सावकाश काम करतात. फवारल्यावर काही दिवस पाला हिरवागारच दिसतो. वाटेनं जाणारी बाई ओटीत भाजी खुडून घेते, तिला कसं कळणार? तेव्हा ज्याच्या रानात खुडायचं त्याला विचारल्याशिवाय खुडू नका. आणि ज्या घरात फवारणी झाली तिथल्या बाईनं बांधावर एक रंगीत चिंधी बांधावी. आमच्या गटानं हे सुरू केलंय. खर्च काही नाही, आणि सगळ्यांना दुरून कळतं.

तणनाशक बंद करा असं आम्ही म्हणत नाही. दिवसभर उकिडवं बसून खुरपण्यानं कंबर जाते हे आम्हाला कुणी सांगायला नको. पण खुरपणीची मजुरी गेली ती बाईची गेली, आणि भाजी गेली तीही बाईच्याच ताटातली गेली. म्हणून एवढं तरी करू. घरच्या रानात एका बाजूचा बांध आणि त्याला लागून दोन ओळी न फवारता ठेवायला घरच्या माणसाला सांगू. परसात सांडपाण्याच्या कडेला नको, तर स्वच्छ पाणी मिळेल अशा जागी एक वाफा रानभाजीचा करू. अडुळसा, निर्गुडी, गुळवेल फांदी लावून येतात. आषाढात प्रत्येकीनं एक फांदी लावली तर गटाच्या बारा घरांत बारा झाडं होतील.

शेवटची गोष्ट लिहून ठेवण्याची. १९९५ साली अमेरिकेत जखमेवर हळद वापरण्याचं पेटंट एका विद्यापीठाला मिळालं. आपल्याकडं लेकरू पडलं की आई हळद दाबते, हे सगळ्या देशाला ठाऊक. पण तिथं तोंडी सांगून भागेना, छापलेला पुरावा हवा होता. डॉ. रघुनाथ माशेलकर तेव्हा देशाच्या वैज्ञानिक व औद्योगिक संशोधन परिषदेचे प्रमुख होते. परिषदेनं जुनी पुस्तकं, लेख पुढं केले आणि १९९७ साली ते पेटंट रद्द झालं. हळदीबद्दल लिहिलेलं होतं म्हणून हे जमलं. आपल्या बांधावरच्या पाल्याबद्दल आपल्या आज्जीला जे ठाऊक आहे ते कुठं लिहिलंय?

यासाठी कायदा आहे. २००२ च्या जैवविविधता कायद्याप्रमाणं प्रत्येक ग्रामपंचायतीत जैवविविधता व्यवस्थापन समिती असते, आणि तिनं लोक जैवविविधता नोंदवही ठेवायची असते. समितीत कमीत कमी एक तृतीयांश बायका हव्यात. पुढच्या ग्रामसभेला जाऊन आपण तीन प्रश्न विचारू. समितीत बाया कोण आहेत? नोंदवही कुठं आहे? तिच्यात आपल्या गावातल्या म्हाताऱ्या बायांनी, तांड्यावरच्या बायांनी, वैदूंनी सांगितलेलं काही आहे का?

तोपर्यंत गटाची एक वही करा. एका पाल्याला एक पान. त्यावर त्याची सगळी नावं, ओळख, कशाला वापरतात, किती आणि कसं वापरतात, कुणाला द्यायचं नाही, आणि दवाखान्यात कधी जायचं. शेवटचे दोन रकाने रिकामे असतील तर ते पान पुरं झालं असं समजू नका. पाला वर्तमानपत्रात दाबून वाळवा, पानाला चिकटवा, आणि जवळच्या कॉलेजातल्या वनस्पतिशास्त्राच्या सरांना किंवा मॅडमना दाखवून नाव पक्कं करा. सांगणाऱ्या बाईचं नाव तिच्या संमतीनं लिहा. काही जणींची श्रद्धा असते की औषध उघड केलं की त्याचा गुण जातो. तिला आग्रह करू नका. तिच्याशेजारी बसा, हद्द तेवढी विचारून घ्या, ती सांगायला सहसा कुणाची हरकत नसते.

आमच्या गटाच्या वहीत आजवर सतरा पानं झालीत, त्यांतली नऊ पुरी आहेत. तुमच्या गावची वही सुरू झाली की आम्हाला कळवा. पुढच्या वेळी दोन गावांच्या वह्या शेजारी ठेवून बोलू, म्हणजे एकाच पाल्याची किती नावं निघतात तेही कळेल. आणि आज रात्री जेवण झाल्यावर सासूबाईंना, आईला, शेजारच्या आज्जीला एवढं जरूर विचारा: हा पाला कुणाला द्यायचा नाही?

रामराम.